गाठीचा हिशेब

(पुण्यातल्या वस्त्यांमधील बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या एक दिवसाच्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण सगळ्या दोरीशी झगडतो आहोत. टेबलावर मांडलेल्या पिना, रबरं, अंबाड्याच्या काड्या बघून कोणालाही वाटेल की आता भाषणाची काय गरज? शिकून झालं, उद्यापासून कामाला लागू. मघाशी एका मावशींनी मला तसं विचारलंच, "बाई, आता बोलणं कशाला, अजून एक गाठ दाखवा की." मावशी, गाठ दाखवणारच आहे. पण ती दोरीची नाही, पैशाची.

आधी ही कला कुठली ते थोडं सांगते, कारण आपल्याकडे 'चायनीज' म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात, गाडीवरच्या नूडल्स आणि तुळशीबागेतला स्वस्त, टिकेल याची खात्री नसलेला माल. चिनी गाठींचं काम तसं नाही. एकच दोरी घ्यायची, ती मधोमध दुमडायची आणि वरून-खालून, वरून-खालून फिरवत एक आकृती उभी करायची. बहुतेक आकृत्या डावी-उजवीकडून सारख्या दिसतात, पुढून-मागून सारख्या दिसतात. तिकडे अंगरख्यांची बटणं, कमरेला लटकवायचे दागिने, पंख्यांची टोकं यांवर अशा गाठी असत आणि घरोघरच्या बायका त्या लेकींना शिकवत. पुढे हे मागे पडत गेलं. तैवानमध्ये १९७० च्या दशकात लिडिया चेन या बाईंनी जुने नमुने गोळा केले, गाठी कशा बांधल्या आहेत ते उलगडून पाहिलं, पुन्हा बांधले, पुस्तकांतून मांडले. 'चिनी गाठ' हे सरसकट नावसुद्धा त्याच काळात रूढ झालं. म्हणजे कला जुनी, नाव नवं.

सकाळी आपण केली ती दुहेरी नाण्यांची गाठ. एकमेकांवर सरकलेली दोन नाणी, म्हणून हे नाव. चिनी जुन्या नाण्यांना मधे चौकोनी भोक असे, तसं भोक या गाठीतही दिसतं, आणि त्याच भोकांतून आपण काडी घालून ती अंबाड्यावर बसवली. दुसरी होती ती छोटी गोल गाठ. तिला वेगळं नाव शोधायची गरजच नाही, आपण तिला घुंडी म्हणतो. तिसरी, थर्मोकोलवर टाचण्या टोचून केली ती जाळीदार गाठ, जिचं टोक कुठे आहे ते शोधून सापडत नाही, ती तिबेटी बौद्ध परंपरेतल्या अष्टमंगलात श्रीवत्स म्हणून आहे. तेव्हा हे सगळं परकं आहे असं समजू नका.

खरं तर गाठी मारणं आपल्याला कोणी शिकवायला हवं होतं असंही नाही. सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक आपल्याला लहानपणी नाडीपासून कळतो. मांजरापासून दूध वाचवायचं शिंकं, पोरांचा करगोटा, पाळण्याच्या दोऱ्या, बैलाची मुसकी, वेणीचे गोंडे हे सगळं गाठींचंच काम. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत एके काळी मॅक्रमेचं वेड होतं, दारात झुलणाऱ्या कुंड्या आठवत असतील. आणि आपण अजून म्हणतो, मंगळसूत्र गाठवून आणलं. कोणाकडून? पटवेकऱ्याकडून. पट म्हणजे रेशीम. रेशमात दागिने ओवणं, गाठवणं, त्यांना गोंडे लावणं हा पटवेकऱ्यांचा पिढीजात धंदा. मोठ्या पेठेत दुकान, गिऱ्हाईक पायरीवर उभं, मजुरी आधी ठरलेली. पटवेकऱ्याला कोणी कधी म्हटलं आहे का, की अहो, तुम्ही नाहीतरी बसूनच असता, फावल्या वेळात एवढं गाठवून द्या?

आपल्याला मात्र हेच म्हटलं जातं. त्याच्या घरातही गोंडे वळायला, रेशीम पिळायला बायका हात लावतच असणार, पण धंदा त्याचा. दुकानात बसलेल्या पुरुषाची गाठ म्हणजे कारागिरी. घरात बसलेल्या बाईची गाठ म्हणजे हौस. दोघांची बोटं सारखीच दुखतात.

'फावला वेळ' या शब्दावर माझा राग आहे, तो इथे बोलून दाखवते. घरी माल देणारे, प्रशिक्षण देणारे, आणि आमच्यासारख्या संस्थांचे लोकसुद्धा पत्रकात बिनदिक्कत लिहितात, 'महिलांना फावल्या वेळात घरबसल्या उत्पन्न.' इथे बसलेल्यांपैकी कोणाला फावला वेळ आहे, हात वर करा. बघा, एकही हात नाही. पाण्याची वेळ, शाळेची वेळ, चार घरची धुणीभांडी, सासूचं औषध. गाठी मारायचा वेळ येतो तो झोपेतून. दुपारची अर्धी तास पाठ टेकायची ती टेकायची नाही आणि रात्री टीव्हीसमोर मान मोडून बसायचं. याला फावला वेळ म्हणायचं असेल तर मग कामाचा वेळ कशाला म्हणणार?

आता मूळ मुद्द्यावर येते.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली बांधणं, दुसरी ओढून बसवणं, तिसरी सजवून पुरं करणं. बांधणं म्हणजे दोरी योग्य वाटेने फिरवणं. यात डोकं लागतं, पण हात बसला की ते भराभर होतं. बांधून झाल्यावर गाठ कशी दिसते? विस्कटलेल्या शेवयांसारखी. मग एकेक फास शोधायचा, जादा दोरी थोडी थोडी पुढे सरकवायची, एक बाजू ओढली की दुसरी बिघडते, पुन्हा मागे यायचं, दोरीला पीळ पडू द्यायचा नाही. गाठीला रूप येतं ते इथे. सकाळी तुमच्यातल्या निम्म्याजणी इथेच अडकल्या होत्या. आणि तिसरी पायरी, सुटेल अशा जागी न दिसणारा टाका घालायचा, मणी ओवायचा, नायलॉनची टोकं मेणबत्तीवर धरून वितळवून बंद करायची, मागे चाप चिकटवायचा, तो वाळेपर्यंत दाबून धरायचा. बोटं भाजतात ती इथे. धूर नाकात जातो तोही इथेच, म्हणून ते काम दारात किंवा खिडकीशी करा, रांगत्या पोराजवळ करू नका.

व्यापारी भाव ठरवायला येतो तेव्हा काय करतो? सगळ्यात चपळ हाताची पोरगी पुढे बसवतो आणि म्हणतो, करून दाखव. ती बिचारी कौतुकाने भुर्रकन दोरी फिरवते. तो घड्याळ बघतो. पाच मिनिटं! त्याने मोजलं ते बांधणं. ओढणं मोजलं नाही, पुरं करणं मोजलं नाही.

आपण फळ्यावर हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरते, तुम्ही तुमचे घाला. एका पिनेला पाच रुपये मजुरी. बांधायला पाच मिनिटं. म्हणजे तासाला बारा पिना, साठ रुपये. व्यापारी हाच आकडा सांगतो, आणि ऐकायला बरा वाटतो. आता ओढायला दहा मिनिटं धरा, पुरं करायला पाच. झाली वीस मिनिटं. तासाला तीन पिना, पंधरा रुपये. शंभर पिनांचा माल घेतला तर तेहतीस तास वीस मिनिटं नुसत्या हाताच्या. शिवाय माल आणायला रविवार पेठेत जायचं, तिथे थांबायचं, परत येऊन तयार माल पोचवायला पुन्हा जायचं, त्याचे तीन तास धरा. बसभाडं, मेणबत्ती, गोंद यांचे साठ रुपये. पाचशेतून साठ गेले, राहिले चारशे चाळीस. भागिले छत्तीस तास वीस मिनिटं. तासाला बारा रुपये. त्यात दहा पिना 'बाद' म्हणून बाजूला काढल्या आणि त्यांची मजुरी दिली नाही, तर अकराच्याही खाली.

साठ आणि बारा. दोन्ही आकडे त्याच पिनेचे, त्याच बाईचे. व्यापारी खोटं बोलला असंही नाही. त्याने फक्त अर्धवट मोजलं. आपण तर मोजलंच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, भाव ठरवताना सगळ्यात चपळ बाई बसवायची नाही. मधल्या हाताची बसवायची. दहा पिना तिने पूर्ण करायच्या, चिकटवून वाळवण्यापर्यंत, आणि मग भागायचं. पहिली पिन मोजू नका, दहावी सुद्धा एकटी मोजू नका, मान दुखायला लागल्यावर वेग उतरतो तोही हिशेबात यायला हवा.

इथे कोणीतरी म्हणेल, पण बाई, तुळशीबागेत क्लिपांची अख्खी पाटी पन्नास रुपयांना मिळते, आमच्या पिनेला कोण जास्त देणार? प्रश्न बरोबर आहे. यातला पुष्कळ माल चीनमधल्या यीवू शहराच्या घाऊक बाजारातून जगभर जातो. आपला व्यापारीही त्याच भावाखाली दबलेला असतो, त्याला राक्षस करून आपला प्रश्न सुटणार नाही. पण एक लक्षात ठेवा, त्या भागातल्या खेड्यांतही बायका घरी कच्चा माल आणतात आणि नगावर मजुरी घेऊन मणी ओवतात, टिकल्या चिकटवतात, गाठी मारतात. यीवूतली ती बाई आणि जनता वसाहतीतली आपली बाई एकमेकींना स्वस्त पाडतात आणि एकमेकींचं नाव त्यांना ठाऊक नाही. तेव्हा स्वस्तात स्वस्त पिनेच्या मागे धावण्याच्या शर्यतीत आपण उतरूच नये असं माझं मत आहे. जिथे गाठ हाताची आहे हे गिऱ्हाइकाला दिसतं आणि त्याचे पैसे द्यायची त्याची तयारी असते, तिथे ही कला विकायची. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी, लग्नाच्या ऑर्डरींना, पैठणीच्या रंगाला जुळवून. व्यापाऱ्याच्या नगावरच्या कामाला मात्र सोपी घुंडी आणि नाण्याची गाठ, एवढंच. जाळीची गाठ पाच रुपयांत द्यायची नाही म्हणजे नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कंटाळू नका. घरी माल नेऊन काम करणारी बाई कामगार आहे, हे कायद्याला फार पूर्वी सुचलं होतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातल्या व्याख्येत अशी व्यक्ती होती. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात घरी विड्या वळणाऱ्या बाया होत्या, आणि कच्चा माल किती दिला, विड्या बाद किती ठरवल्या, बाद विड्यांची मजुरी द्यायची की नाही, यावरच्या भांडणाची दखलही त्यात होती. हे आपोआप झालं नाही, विडी कामगारांच्या संघटना होत्या म्हणून झालं. अहमदाबादला १९७२ साली 'सेवा' सुरू झाली. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 'श्रमशक्ती' अहवाल १९८८ चा. घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवा, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली जिनिव्हात मंजूर झाला, त्यामागे सेवाच्या बायकांची धडपड होती. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, कच्चा माल मालकाने दिलेला असो वा नसो. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हा ई-श्रमवर नोंदणी करताना व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' सांगू नका, काम सांगा. पण व्याख्येत बसल्याने पिनेचा भाव वाढत नाही. त्याला कागद लागतो. माल किती घेतला, किती दिला, किती बाद, कोणत्या तारखेला. आपल्याकडे तोच नसतो.

भाव मागितला तर काम जाईल ही भीती खोटी नाही. एका वस्तीत आमच्या गटाने बाद मालाची मजुरी मागितली. व्यापाऱ्याने वाद घातला नाही, हसून 'बघू' म्हणाला आणि पुढच्या आठवड्यात दोऱ्यांचं पोतं नाल्यापलीकडच्या वस्तीत नेऊन टाकलं. गटात रडारड झाली. दोघीजणी तिसऱ्या दिवशी गुपचूप जुन्याच भावात काम मागायला गेल्या, त्यांच्यावर बाकीच्या चिडल्या. मी त्या दोघींना दोष देत नाही, एकीच्या घरात त्या महिन्यात दुसरी मिळकतच नव्हती. मग गटातल्या दोन वयस्क बायका नाला ओलांडून पलीकडे गेल्या. भांडायला नव्हे, चहाला. तिकडच्या बायकांना त्याने आणखी आठ आणे कमी सांगितले होते! दोन्हीकडच्या बायकांनी एकच भाव ठरवायला पुढे तीन महिने गेले. मिळालं ते दीड रुपया वाढ आणि माल वस्तीत आणून द्यायची कबुली. बाद मालाची मजुरी अजून नाहीच. पण माल दारात आला म्हणजे पेठेत जायचे तीन तास आणि बसभाडं वाचलं, ही वाढच आहे, आणि ती हिशेब मांडलेला होता म्हणूनच मागायला सुचली.

आता थोडं बाजूला जाते. आपण करतो आहोत ते केसांत माळायचं काम आहे, आणि केसांचा प्रश्न आपल्याकडे साधा नाही. एका गटात पस्तिशीतली एक बाई होती, तिचा हात सगळ्यांत सुबक. सगळ्याजणी नमुन्याची पिन डोक्याला लावून आरशात बघत होत्या, ही नुसती बघत होती. मी म्हटलं, "लावा की तुम्हीही." शेजारची हळूच म्हणाली, "तिचा नवरा गेला मागच्या साली." ज्या हातांनी शंभर जणींच्या अंबाड्याला शोभा आणली, त्या हातांना स्वतःच्या अंबाड्याजवळ जायची मुभा नाही.

याच महाराष्ट्रात उच्चवर्णीय विधवांचे केस उतरवले जात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी हे काम करायला नकार दिला. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर होतं त्यांनी वस्तरा खाली ठेवला, हे मला फार मोठं वाटतं. केशवपन गेलं. पण कुंकू, बांगड्या, फूल यांचे नियम वेगवेगळ्या जातींत वेगवेगळ्या रूपात राहिलेच, आणि ते मोडा म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये ठराव करावा लागला, सरकारला त्यावर परिपत्रक काढावं लागलं. म्हणजे बघा, १८९० ते २०२२. तेव्हा कार्यकर्त्यांनी गटात साहित्य वाटताना 'सवाष्णींसाठी', 'लग्नसराईसाठी' असं बोलत सुटू नये. पहिली पिन जिने केली तिने ती स्वतःच्या केसांत लावायची, असा आमच्या गटांत आता रिवाज आहे. सक्ती नाही. त्या बाईने त्या दिवशी लावली नाही. तिने ती पिशवीत घातली आणि मुलीला नेली. नंतर एकदा मीटिंगला आली तेव्हा अंबाड्यात निळी काडी होती. कोणी काही बोललं नाही, तेच बरं झालं.

प्रशिक्षणाविषयी एक सांगते आणि थांबते. तीन दिवसांचा वर्ग, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, पाहुण्यांच्या हस्ते फोटो, आणि पुढच्या महिन्यात त्याच बायकांना मेणबत्त्यांचा वर्ग. असे वर्ग आपण सगळ्यांनी केले आहेत, घेतलेही आहेत. यापुढे कोणी वर्ग घ्यायला आलं तर आधी दोन गोष्टी विचारा. पहिला माल कोण घेणार, आणि कच्च्या मालाचे पैसे कोणाच्या खिशातून? उत्तर नसेल तर वर्ग हौसेचा आहे असं समजून जा. हौसेलाही माझी ना नाही. चार बायका दुपारी एकत्र बसून रंगीत दोऱ्यांत रमल्या तर त्यात वाईट काय? फक्त त्याला रोजगार म्हणू नका.

वहीचे रकाने फळ्यावर लिहून ठेवते आहे, ते उतरवून घ्या. तारीख, घेतलेली दोरी वजनात, घेतलेले चाप नगांत, दिलेल्या पिना, बाद पिना आणि बाद का, मिळालेले पैसे, आणि शेवटचा रकाना लागलेल्या तासांचा, जाण्यायेण्यासकट. व्यापाऱ्याची सही किंवा निदान मोबाईलवर त्याच्या मालाचा फोटो. जिला लिहिता येत नाही तिने तासाला एक गाठ एका वेगळ्या दोरीत मारावी, आठवड्याने आपण मोजू. गटाच्या वह्या घेऊन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी याच जागी या, आणि नाल्यापलीकडच्या गटालाही सांगा.